बिनपाण्याची कटाई

डॉक्टर म्हणाले, “हा टीबी नाही. हा सिलिकोसिस आहे.”

मी त्यांना तो शब्द पुन्हा म्हणायला लावला. शेजारी बसलेल्या ज्योतीने, माझ्या बायकोने, तो फाइलच्या मागे लिहून घेतला. मग त्यांनी समजावलं. दगडाची बारीक धूळ, डोळ्यांना न दिसणारी, श्वासाबरोबर फुप्फुसात उतरते आणि तिथेच बसते. तिच्याभोवती वण तयार होतात. वण पडलेला भाग ताठ होतो, हवा घेत नाही. ती धूळ औषधाने निघत नाही. उरलेलं फुप्फुस सांभाळायचं, एवढंच हातात असतं.

बेसा रोडला माझं ग्रॅनाइटचं दुकान आहे. स्वयंपाकाचे ओटे, खिडक्यांच्या चौकटी, जिन्याच्या पायऱ्या. तिकडे एकामागून एक इमारती उठताहेत, त्यामुळे कामाला तोटा नाही. पहिली चौदा वर्षं मी स्वतः कटर चालवला. नंतर कटाई देवीदास करू लागला. तो भिवापूरकडचा, माझ्याकडे नऊ वर्षांपासून आहे.

सुरुवात मामुली होती. सीताबर्डीला मेट्रोचा जिना चढताना मी मधेच थांबलो आणि मोबाइल बघायचं नाटक केलं. पुढच्या महिन्यापासून खोकला. कूलरची हवा बाधली म्हणून आधी कूलरला बोल लावला, मग वयाला.

पहिल्या दवाखान्यात छातीच्या फोटोत डाग दिसले. थुंकीच्या तपासणीत जंतू सापडले नाहीत, तरी टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांनी कामाचं विचारलं नाही, हे खरं. पण फॉर्मवर कामाच्या रकान्यात मी ‘व्यवसाय’ एवढंच लिहिलं होतं. दगड कापतो असं लिहायला मला कमीपणा वाटला. पाच महिने गोळ्या खाल्ल्या आणि दम वाढतच गेला.

छातीच्या तज्ज्ञांनी दोन तपासण्या करायला सांगितल्या. एक एचआरसीटी, म्हणजे फुप्फुसाचे पातळ पातळ थर दाखवणारा स्कॅन. दुसरी स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोराने फुंकायचं आणि हवा किती निघते ते मशीन मोजतं. “जोर लावा काका, अजून, अजून,” असं तिथली मुलगी म्हणत होती. माझा जोर आधीच संपला होता.

अहवाल पाहून डॉक्टरांनी विचारलं, “कटाई पाण्याखाली करता की कोरडी?”

दुकानातल्या मोठ्या मशीनला पाणी होतं. पण सिंकचं भोक, शेगडीची जागा, कोपरे, हे आम्ही गिऱ्हाइकाच्या फ्लॅटमध्ये जाऊन कापायचो. तिथे पाणी वापरलं की नवीन भिंतींवर चिखल उडतो आणि खालच्या मजल्यावरचे भांडायला येतात. म्हणून कोरडी कटाई. माझ्या कार्डावर तसं छापलेलंच होतं : ‘घरात पाण्याचा एक थेंबही न सांडता ओटा बसवून मिळेल.’ या ओळीवर मला बरीच कामं मिळाली.

“आणि धुळीसाठी काय करता?”

मी अभिमानाने सांगितलं, की तोंडाला दुपट्टा बांधतो आणि काम सुटताना प्रत्येकाला गुळाचा खडा देतो. गुळाने धूळ उतरते, असं आमच्या धंद्यात सगळेच मानतात. एकही दिवस मी गूळ चुकवला नव्हता.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, “गूळ पोटात जातो, धूळ फुप्फुसात. दोघांची भेट होत नाही. दुपट्ट्यातून ही धूळ सहज पार होते.” मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, “आता कटर कोण चालवतं? त्याला खोकला आहे?”

होता. देवीदास यायच्या आधी त्याचा खोकला येतो, अशी आम्ही त्याची थट्टा करायचो. परतताना रिक्षात मी स्वतःच्या फुप्फुसापेक्षा त्याचाच विचार जास्त केला. भीती वाटत होती. त्याचं वय अडतीस आणि दोन मुली शाळेत.

तो तपासणीला तयार होईना. “काही निघालं तं मले कामावरून काढून टाकता का, भाऊ?”

“नाही काढत.”

“मंग फोटो काहाले काढून राहिले?”

हा प्रश्न मालक म्हणवणाऱ्या प्रत्येकाने ऐकावा. तपासणी म्हणजे हकालपट्टी, असं कामगाराला वाटत असेल तर तो खोकला लपवेल. मी त्याला ज्योतीसमोर शब्द दिला, तेव्हा तो आला.

त्याच्या फुप्फुसातही डाग निघाले. माझ्यापेक्षा कमी. डॉक्टर म्हणाले, “आज धुळीतून काढलंत तर बरंच वाचू शकेल. पण तब्येत बिघडणारच नाही, असं वचन मी देणार नाही.”

दुसऱ्या दिवशी कोरडी कटाई बंद केली. आता देवीदास फ्लॅटमध्ये जाऊन माप घेतो, पुठ्ठ्याचा साचा कापतो. सगळी भोकं दुकानातच, पाण्याखाली, दुसरे कामगार पाडतात. माप चुकलं तर दगड परत येतो. गिऱ्हाईक कुरकुरतं, मीही कुरकुरतो. कोरडा झाडू बंद झाला, कपड्यांवरची धूळ उडवायला मशीनची हवा मारणं बंद झालं. चेहऱ्याला घट्ट बसणारे मास्क आणले, पण डॉक्टरांनी बजावलं होतं, मास्क शेवटी. आधी धूळ उडूच द्यायची नाही. बाकीच्यांचे फोटो काढून घेतले, ते स्वच्छ आले. आता सगळ्यांची तपासणी दरवर्षी.

सहा महिन्यांनी आम्ही दोघं पुन्हा नळीत फुंकायला गेलो. माझा आकडा थोडा खाली आला होता. देवीदासचा होता तिथेच होता. मला इतका आनंद झाला की मी त्याची पाठ थोपटली.

गाडी तोच चालवतो, मला हल्ली दम लागतो. दवाखान्याच्या स्टँडवरून स्कूटर काढता काढता तो थांबला.

“भाऊ, एक विचारू? मी तं तुमच्याही आधी दोन वर्षांपासून खोकलून राहिलो होतो. तवाच काहून नाही आणलं मले इथं?”

त्याच्या आवाजात राग नव्हता. निसटायची सोय होती. तेव्हा मला हा आजार माहीत नव्हता, असं सांगता आलं असतं.

मी म्हटलं, “तवा खोकला तुले होता, देवीदास. मले नव्हता.”

त्याने मान हलवली आणि गाडी सुरू केली. मी मागे बसलो. मला फार लाज वाटत होती. तो गाडी सावकाश चालवत होता, खड्डे चुकवत, मला धक्का बसू नये म्हणून.