आत्याच्या पायाचं माप

"आत्या चपला घालत नाही. का घालत नाही, ते विचारायचं नाही."

हा आमच्या घरचा नियम. मला तो इतक्या लहानपणी सांगितला होता की बरीच वर्षं मला वाटायचं, काही बायकांचे पायच तसे असतात! पुढे कॉलेजात गेले, विचारायला लागले, आणि दर वेळी आईने डोळे वटारले. जे विचारायचं नाही असं ठरतं ना, त्याचेच किस्से साठत जातात. घरी बोलायची सोय नाही, म्हणून मग मैत्रिणींना सांगायचे. त्यातले एकाच पावसाळ्यातले आज सांगते. त्या पावसाळ्यात आत्याच्या पायाचं बोट राहतं की जातं, अशी वेळ आली होती.

आमचं घर ठाण्याला, टेंभी नाक्याच्या मागच्या आळीत. मोठे काका घराचे कर्ते, मुंबईला एका ऑफिसात हेडक्लार्क. माझे वडील, अण्णा, ठाण्याच्या कोर्टात कारकून. आत्या या दोघांची थोरली बहीण. एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला आणि ती माहेरी आली, ती कायमची. त्याला बत्तीस वर्षं झाली होती.

आणि पावसाळ्यात घरातल्या सगळ्या चपला-बुटांची व्यवस्था कोणाकडे? आत्याकडे! जिच्या पायात काही नाही, तिच्याकडेच.

हेही विचारायचं नाही.

•

आत्याचं काम मात्र बघत राहावं असं. संध्याकाळी सगळे भिजून घरी आले की पडवीत बूट-चपलांचा ढीग पडायचा. ती बांबूच्या कामटीने चिखल खरवडायची, कोरड्या फडक्याने पुसायची, बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायची आणि सगळं वाऱ्याला ओळीने आडवं ठेवायची. आठवड्यातून एकदा शिवणीला एरंडेल. मग हातपाय धुऊन घरात. आमच्या घरच्या चामड्याला त्या चार महिन्यांत कधी बुरशी धरली नाही.

एकदा रविवारी सकाळी काकांनी घर डोक्यावर घेतलं. "कालचा पेपर कुठाय? अग्रलेख वाचायचा राहिलाय माझा!"

आत्या पडवीतून म्हणाली, "डाव्या बुटात."

काकांनी बूट उपडा केला, बोळा उलगडला आणि मांडीवर सरळ करून वाचायला बसले. अर्धा वाचून झाल्यावर ओरडले, "ताई, पुढचं?"

"उजव्या बुटात. पण तो अजून ओला आहे, दुपारी वाच!"

•

चामडं विस्तवाजवळ न्यायचं नाही, हे आत्याचं ठाम मत. "ते आधी सुकतं आणि मग रागावतं," म्हणायची.

पण काकांच्या ऑफिसात बडे साहेब यायचे होते आणि बूट ओलेगच्च. आत्या दुपारची पडलेली पाहून काकांनी गुपचूप शेगडी पडवीत आणली, तिच्यावर वेताची टोपली पालथी घातली आणि टोपलीवर बूट ठेवले. बाळाचे लंगोट वाळवतात तसे! तासाभराने बूट भाजलेल्या पापडासारखे वळले होते. पुढची टोकं आभाळाकडे.

काका आत्याच्या पायाशी उकिडवे बसले. एरवी घरभर गरजणारा माणूस! "ताई, काहीतरी कर गं."

आत्याने दुपारचा चहासुद्धा घेतला नाही. तेल चोळचोळून, दाबून, आत लाकडाचे तुकडे घालून बूट माणसात आणले. सकाळी काकांनी ते चढवले, दोन पावलं टाकली आणि म्हणाले, "जरा चावतायत."

मी म्हटलं, "काका, अनवाणी जा ना मग! आत्या नाही का जात?"

त्या दिवशी मला जेवायला वेगळं बसवलं.

•

श्रावणात आमच्याकडे सत्यनारायण झाला. तीस-चाळीस माणसं, म्हणजे पडवीत तीस-चाळीस जोड. आत्याने सगळे पुसून, पाऊस लागणार नाही असे भिंतीशी लावले. प्रसाद झाला, माणसं पांगली आणि आत्या एकदम म्हणाली, "हे आपल्याकडचे बूट नव्हेत!"

काळे बूट, तस्सेच. काकांना स्वतःलाही फरक कळेना. आत्या म्हणाली, "तुझी डावी टाच बाहेरून झिजते. ही आतून झिजलीय. कल्याणचे ते गृहस्थ तुझे घालून गेले."

"अरे देवा! गाडी पकडतील ते आता," काका म्हणाले. आणि उभे राहिले. नुसते उभेच राहिले.

आत्या ते बूट पदराखाली घेऊन निघालीसुद्धा. रस्त्यावर पोटरीभर पाणी, खालचं काही दिसत नव्हतं. स्टेशनच्या रस्त्यावर तिने त्या गृहस्थांना गाठलं, भररस्त्यात बूट बदलून घेतले आणि काकांचे बूट पदराखाली झाकून घरी आणले.

पडवीत लाल पाऊल उमटलं तेव्हा आम्हाला कळलं. पाण्याखाली फुटकं कौल होतं, ते अंगठ्याशेजारच्या बोटाखाली घुसलं होतं.

काका बूट उलटेपालटे करून म्हणाले, "हो, हेच माझे!"

•

बोटांमध्ये चिखल्या तर तिला दर पावसाळ्यात व्हायच्या. यंदा त्यात ही जखम. हळद लावली, कडुनिंबाचं पाणी झालं, राखुंडीसुद्धा झाली. पण विहीर मागच्या अंगणात, संडास त्याच्याही पलीकडे, आणि अंगणभर चिखल. आत्या दिवसातून पाच-सहा वेळा त्यातून जायची. मी रोज कॉलेजला निघण्याआधी तिचा पाय बघायचे. आज बोट तांबडं, परवा सुजलेलं, चार दिवसांनी कातडी पांढरी पडून सुटायला लागलेली. वर्गात बसले तरी डोळ्यांपुढे तेच.

"कसं आहे?" विचारलं की आत्या म्हणायची, "बोटाला विचार. माझ्याशी बोलत नाही ते!"

श्रावण संपल्यावर एकदा आमच्याकडे नेहमी येणारी कोळीण पडवीत पाटी टेकून बसली होती. आई बोंबील निवडत होती. कोळणीचं लक्ष आत्याच्या पायाकडे गेलं.

"आगो बाय, यो पाय कुजलाय तुजा! आमी दिसभर चिखलान उभी ऱ्हातो, आमचा नाय आसा होत. चप्पल घाल की!"

आई हलक्या आवाजात म्हणाली, "तिला चालत नाही. तिचे यजमान नाहीत ना..."

कोळीण आईकडे बघतच राहिली. "मंग? माजा पन दादला मेला. पाय नाय मेलं माजं!"

आईने निवडलेले बोंबील परत पाटीत टाकले आणि आत निघून गेली. आत्या मात्र हसत होती. किती दिवसांनी हसली ती!

•

शेवटी मीच तिला नाक्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी जखम धुतली, पूड टाकली, इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, "पाय ओला होता कामा नये. चिखलात अनवाणी तर मुळीच नाही. सोमवारी परत आणा. तोवर काळं पडायला लागलं तर बोट काढावं लागेल, आणि वर चढलं तर बोटावर भागणार नाही."

घरी येऊन मी हे शब्दशः सांगितलं. काकांनी डोळे मिटून विचार केला आणि निकाल दिला, "पाऊस संपेपर्यंत ताईने घरातच बसावं."

मी म्हटलं, "आणि संडासला?"

"शी! मुलींनी असलं बोलू नये!"

"बरं, नाही बोलत. पण तिने जायचं की नाही?"

अण्णा हळूच म्हणाले, "वसू, पुरे." आमचे अण्णा कोर्टात दिवसभर दुसऱ्यांची भांडणं लिहून घेतात. घरात एका बाजूनेही बोलत नाहीत.

•

दुसऱ्या दिवशी काका ऑफिसातून येताना कागदात गुंडाळून काहीतरी घेऊन आले. चेहरा असा की जणू मोठा खटला जिंकलाय. आत खडावा!

"लाकूड आहे," काका म्हणाले. "लाकडाला दोष नाही. साधुपुरुष वापरतात. नियमही राहिला, पायही राहिला!"

खडावेची खुंटी कुठे धरतात? अंगठा आणि शेजारचं बोट, यांच्या मध्ये. आत्याची जखम नेमकी तिथे! मी ओरडले, तर काका म्हणाले, "जरा सवय लागेल."

आत्याने दात आवळून खडावा घातल्या. पडवीतल्या ओल्या फरशीवर एक पाऊल, दोन पावलं, आणि तिसऱ्याला ती सपशेल घसरली. वाळत घातलेल्या बुटांवर पडली म्हणून डोकं वाचलं.

आम्ही धावलो. काकाही धावले.

"काय गं ताई," ते खाली वाकून म्हणाले, "बूट ठीक आहेत ना?"

•

पट्टीवर पुन्हा लाल डाग आला. त्या दिवशी शुक्रवार. सोमवार डोक्यावर. मी आत्याला म्हटलं, "मी तुझ्यासाठी चपला करून आणते. तू घालशील का?"

ती काकांच्या बुटात बोळे भरत राहिली. मी पण तिथून हलले नाही. पाऊस पन्हळीतून धो धो पडत होता. बऱ्याच वेळाने तिने हातातला पेपर खाली पसरला, पट्टी नसलेला ओला पाय त्यावर नीट टेकवला आणि उचलला. कागदावर पूर्ण पाऊल उमटलं. मी पेन्सिलीने भराभरा भोवतीने रेघ मारली.

"जरा सैल सांग," आत्या म्हणाली. "त्या पायाला पट्टी आहे."

तो कागद मी नाक्यावरच्या म्हाताऱ्या चांभाराला दिला. टायरच्या तळाच्या, पाण्याला न जुमानणाऱ्या चपला तो करायचा. त्याने कागद डोळ्यांजवळ नेला. "ताई, बोटं लई पसरल्यात. ह्यो पाय कधी वहाणंत गेल्याला न्हाई."

"नाही."

"पोराचा हाय का?"

"नाही. माझ्या आत्याचा. एक्कावन्न वर्षांची आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा कागदाकडे. "रविवारच्याला घेऊन जावा," म्हणाला. "अंगठ्याला चामडं लावत न्हाई, कापडच लावतो. मऊ ऱ्हाईल."

•

सोमवारी सकाळी पाऊस धरूनच होता. पट्टी बदलताना मी पाहिलं, बोटाच्या कडेला काळसर दिसत होतं. ते काळं की जुनं रक्त, मला कळेना. आत्याला पडवीतल्या बाकावर बसवलं आणि पट्टीवरून चपला चढवल्या. सैल होत्या, बरोबर पाहिजे तेवढ्याच.

तेवढ्यात काका ऑफिसला निघण्यासाठी बाहेर आले. मागून अण्णा, छत्री घेऊन. त्यांच्या मागे आई, दोघांचे डबे घेऊन.

"हे काय आहे?" काकांनी विचारलं.

"चपला."

"ते दिसतंय मला! कोणाच्या?"

"आत्याच्या. डॉक्टरांकडे चाललोय आम्ही."

"टांगा कर. उचलून ने. पण या घराच्या पायऱ्या ती पायात घालून उतरणार नाही. सगळी आळी बघतेय!"

"बघू दे. गेल्या महिन्यात याच आळीतून ती तुमचे बूट घेऊन पळाली, तेव्हाही बघत होती."

"अण्णा, मुलीला आवर!"

अण्णा म्हणाले, "वसू, काकांचं ऐक. नंतर शांतपणे बसून बोलू."

"नंतर म्हणजे कधी? बोट गेल्यावर?"

काकांचा आवाज चढला. "मी शेवटचं सांगतोय. काढ त्या तिच्या पायातून. आत्ताच्या आत्ता!"

आत्या खाली मान घालून बसली होती. पाय मागे मात्र घेतले नव्हते तिने.

"मी नाही काढणार," मी म्हटलं.

"वसू!"

"नाही काढणार, काका. काढायच्याच असल्या तर तुम्ही काढा. इथे खाली बसा, तिचा पाय हातात घ्या आणि काढा."

काकांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी आईकडे. आईने दोन्ही डबे छातीशी घट्ट धरले.

कोणी वाकलं नाही.

आत्या बाकावरून उठली. माझ्या खांद्यावर हात ठेवून तिने पहिल्या पायरीवर पाऊल टाकलं, ते नीट टेकलं का पाहिलं आणि दुसरं टाकलं.

"चल गं," ती म्हणाली, "डॉक्टर नऊला येतात."