राजाचं पायताण

मढ गाव मागे पडून डांबरी रस्ता धरणाकडे वळला, तिथे वृषालीला पहिला लाल ठिपका दिसला. तिला वाटलं, कुणाचं कुंकू सांडलं असेल. चार पावलांवर दुसरा दिसला, मग तिसरा. पुढे धर्माजीबाबा नारळ दोन्ही हातांत धरून ताठ चालले होते, आणि ठिपके त्यांच्या डाव्या टाचेमागून येत होते.

“बाबा, थांबा!”

“थांबू कशाला? अजून चार किलोमीटर हाय.”

त्यांच्या गावच्या यात्रेत वर्षानुवर्षं एकच नाटक होतं. राजा शब्द देतो, त्या शब्दापायी राज्य जातं, पोटचा मुलगा जातो, तरी तो मागे फिरत नाही. शेवटी अनवाणी वनात निघून जातो. जो राजा होतो त्याने आदल्या दिवशी नारळ घेऊन डोंगरावरच्या देवीपर्यंत चालायचं आणि नाटक संपेपर्यंत पायात काही घालायचं नाही, असा रिवाज. नाटकाची वही दरवर्षी नव्याने उतरवायची, आणि ती लिहिणाऱ्याने त्याच्यासोबत जायचं. वही एकदा देवीपुढे ठेवली की तिच्यातलं अक्षर बदलत नाही.

अंगणवाडीत शिकवणारी वृषाली सात वर्षं ती वही लिहीत होती. धर्माजीबाबा एकतीस वर्षं राजा होत होते. एरवी ते गावाला नळाचं पाणी सोडत. पाळी ठरली म्हणजे ठरली. सख्ख्या भावाच्या घरी लग्न होतं, तरी आधी पाणी सोडलं नाही; भाऊ दोन वर्षं बोलला नव्हता.

गेल्या दिवाळीत बाबांच्या रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी बजावलं, पाय बधिर झालाय, अनवाणी चाललात तर काढावा लागेल. हे घरात फक्त त्यांच्या बायकोला, शकुबाईला माहीत होतं. आज सकाळी तिने वृषालीला बाजूला घेऊन ते सांगितलं आणि नवऱ्याच्या चपला तिच्या पिशवीत कोंबल्या. “माझं ऐकत न्हाईत. तुझं ऐकतील. वाटंत घालायला लाव, माय.”

वृषालीने बाबांना रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर बसवलं. टाचेत बोटाच्या पेराएवढी काच रुतली होती. तिने ती उपटली. बाबांचा चेहरा हलला नाही.

“दुखलं नाही?”

“काय बी न्हाई.”

ते अभिमानाने म्हणाले.

“यंदा राजा नवनाथला होऊ द्या, बाबा. नारळ त्याच्या हातात द्या.”

“नवन्या? धा वरसं राणी व्हतोय, मिशी काढायची म्हणलं की तोंड पाडतोय. त्यो राजा व्हणार?”

“तुमचा पाय जाईल!”

“राजाचं राज्य गेलं, पोर गेलं. फिरला का मागं? फिरला असता तर लोक रडलं असतं का?”

वृषालीने रुमाल टाचेला गच्च बांधला. “वाईट माणूस पडला तर कोण रडतं? राजा चांगला आहे. एका हट्टापायी आपल्याच हाताने सगळं घालवतो. समोर बसलेल्या सगळ्यांना ते दिसतं, त्याला तेवढं दिसत नाही. म्हणून लोक रडतात.”

“ते राजाचं झालं.”

“आता राजे राहिलेत कुठे? आताच्या नाटकात कारकून असतो, ड्रायव्हर असतो. चार लोकांत आपण कमी पडू नये, एवढ्यासाठी तो मरतो. आणि घरी बायको दाराकडे बघत बसते.”

बाबा धरणाच्या पाण्याकडे बघत राहिले. “पाणी सोडणारा बी असतो का त्येच्यात?”

“असतो.”

रुमाल लाल होत चालला. ते उठायला लागले तसा तिने त्यांचा दंड धरला. देवीआई, तुला एवढं रक्त कशाला गं, ती मनात म्हणाली.

“पिशवीत शकूनं काय घातलंय, ठावं हाय मला,” बाबा म्हणाले. “सकाळपास्नं वही छातीशी धरून चालतीस. पिशवीत वहीसंगं ठिवू नये असं काय असंल?”

आता ओरडा खायचा, असं तिला वाटलं.

“आपल्या हातानं मी घालणार न्हाई. राजा घालत नसतो.” नारळ त्यांनी मांडीवर ठेवला. “वही अजून आईम्होरं ठिवली न्हाई ना?”

“नाही.”

“मग हितंच बस अन् लिव. शेवटाला राणी म्हणती, ‘महाराज, पायताण घाला.’ आन राजा तिचं ऐकतो. वहीत आलं म्हंजी मला ऐकावंच लागंल, आजपास्नंच.” वृषाली पेन शोधू लागली. “आन एवढं कर पोरी, नवन्याला बजाव. ते वाक्य मानानं म्हण म्हणावं, हसू नको.”