वाफ्यातलं गाजरगवत

दौंडला रेल्वेच्या बुकिंग ऑफिसात माझी बदली झाली आणि क्वार्टरसोबत पाच पावलांचं अंगण मिळालं. मी चौथ्या मजल्यावर वाढलेली. दिवाळीनंतर हौसेनं गाजराचं बी आणलं, वाफा केला आणि रोज ड्यूटीला जाण्याआधी पाणी घालू लागले.

पंधरा-वीस दिवसांत कातरलेल्या पानांची रोपं वर आली. जमिनीला चिकटून ताटलीसारखी पसरली. मी त्यांना शेणखत घातलं. फार दाट झाली तेव्हा चार रोपं शेजारणीच्या कुंडीतही लावून दिली.

संक्रांतीला न्हावऱ्याहून सासूबाई आल्या. सगळा जन्म शेतात गेलेला. हातातली पिशवी खाली न ठेवताच त्या वाफ्यापाशी थांबल्या.

"ह्ये काय लावलंय?"

"गाजर, आई. आठवड्याभरात काढीन म्हणते."

त्यांनी एक रोप उपटलं. खाली पांढरी, बारीक मुळी.

"तुजं बी उगवलंच न्हाई. गाजरगवत हाय ह्ये," त्या म्हणाल्या. "आमी बांधावरनं उपटून उपटून दमलो, आन् तू त्याला खत घालतीस व्हय?"

नवरा ते दोन महिने रोज पाहत होता. न्हावऱ्याचाच माणूस. विचारलं तर म्हणाला, "मला वाटलं मुद्दाम लावलंय. तुझ्या वाफ्यात मी कशाला बोलू?" शेजारणीला सांगायचा धीर मला दोन दिवसांनी झाला. तिनं ऐकून घेतलं आणि कुंडी माझ्या दाराशी आणून ठेवली.

आता आपल्याला हे गवत ओळखता येतं, असं मी धरून चालले. एप्रिलात पाण्याच्या टाकीमागे कमरेएवढी झाडं दिसली, वर बारीक पांढऱ्या फुलांचे झुबके. माझ्या ओळखीचं गवत जमिनीला चिकटलेलं होतं, हे तर ताठ उभं. त्याच दिवशी आमच्या ऑफिसातल्या साहेबांचा निरोप समारंभ होता. मी गुलाबांच्या मधे ती फुलं खोचून छान गुच्छ बांधला.

गुच्छ हातात धरून केलेल्या भाषणात साहेबांचे डोळे पाणावले. सगळे गंभीर झाले. एका बाईंनी पदर डोळ्यांना लावला. मग साहेबांना शिंका सुरू झाल्या आणि भाषण तिथंच संपलं. मी बाहेर येऊन सासूबाईंना फोन लावला.

"दांड्यावर उभ्या रेघा हायती का?" त्यांनी विचारलं.

"आहेत."

"पान तसंच कातरल्यालं?"

"हो."

"मग त्येच त्ये. मोठं झालं की उभं ऱ्हातंय आन् फुलावर येतंय. कुणाला दिलंस?"

मी "साहेबांना" म्हटल्यावर पलीकडून तोंडात पदर कोंबल्यासारखा आवाज आला. हसत असाव्यात.

पाऊस लागल्यावर त्या मुद्दाम चार दिवस येऊन राहिल्या. माती मऊ असताना, फूल धरण्याआधी, हाताला प्लास्टिकची पिशवी बांधून मुळासकट कसं उपटायचं ते त्यांनी शिकवलं. टाकीमागची जागा आम्ही दोघींनी साफ केली. कॉलनीतल्या बायका पानं आणून मला विचारू लागल्या. मी चष्मा वर करून उत्तरं द्यायचे.

नागपंचमीला न्हावऱ्याला गेलो. सकाळी लवकर उठून मी बाहेर आले, तर सासूबाईंच्या अंगणात ओळीनं कातरलेल्या पानांची वीतभर रोपं. मी हाताला पिशवी बांधली. त्या चहा घेऊन आल्या तोवर ढीग तयार होता.

त्यांनी कप खाली ठेवला. "एक पान चुरगाळ. वास घे."

मी घेतला. माझा चेहरा पाहून त्याच म्हणाल्या, "व्हय. शेवंती."

त्या रागावल्या नाहीत, हसल्याही नाहीत. नागपंचमीला माती उकरत नाहीत, तरी खुरपं आणलं. भर पावसात आम्ही दोघींनी सगळी रोपं परत लावली. निम्मी जगली.

दुपारी थोरल्या जाऊबाईंनी अंगण पाहिलं. "शेवंतीला काय झालं?" त्यांनी विचारलं.

"शेळी सुटली व्हती," सासूबाई माझ्यादेखत म्हणाल्या आणि पुरणाची दिंडं वाढायला आत गेल्या.