राजीनामा हो गया

नव्वदच्या दशकात लखनौला, तेलीबागेत आम्ही भाड्याने राहत होतो. हे हवाई दलातून निवृत्त झाले ते इथेच, आणि नागपूरला परतायचं सोडून एका व्यापाऱ्याकडे नोकरीला लागले. नेपाळातून मसूर आणि आलं आणायचा त्याचा धंदा. सरहद्दीवर, सोनौलीच्या नाक्यावर अडकलेले ट्रक सोडवायचे, हे ह्यांचं काम. रेडिओवर बातम्यांत सारखं सांगायचे, शेजारी देश एकमेकांच्या मालावरचा कर कमी करणार, व्यापार खुला होणार. मी कणीक मळता मळता ऐकायची. खुला होतोय ना, मग माझा नवरा अर्धा महिना त्या धुळीत कशाला बसलाय? इकडचा कागद तिकडे चालत नसे, तिकडचा इकडे. तोवर ट्रकमधलं आलं कुजायचं. ह्यांच्या शर्टांना त्याचा वास यायचा आणि धुऊन धुऊन माझे हात मोडायचे.

खरं सांगते, मला वीट आला होता. नागपूरला माझी आई एकटी होती आणि तिला दिसायचंही कमी झालं होतं. मला तिच्याजवळ जाऊन राहायचं होतं, बाकी काही नको होतं. "एवढं एक प्रकरण मिटू दे, मग राजीनामाच देतो," हे दर खेपेला म्हणायचे. प्रकरण म्हणजे बुटवलचा एक नेपाळी व्यापारी. कुजलेला माल कोणाच्या माथी मारायचा, यावरून त्याचं आणि ह्यांच्या मालकाचं बिनसलं होतं.

एके दिवशी घरमालकिणीकडे ह्यांच्या मालकाच्या मुनीमजींचा फोन आला. "भाभीजी, राज़ीनामा हो गया. साहब परसों आ रहे हैं."

"सच में?"

"हाँ जी, लिखा-पढ़ी सब हो गई."

मी तशीच चपला घालून एसटीडी बूथवर गेले आणि आईला सांगितलं, ह्यांनी राजीनामा दिला, आम्ही येतोय. तिने पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. घरी येऊन मी माळ्यावरची ट्रंक काढली, भांडी बांधली. लेक म्हणाली, "मम्मी, मेरा स्कूल?" तिला म्हटलं, नागपूरला काय शाळा नाहीत?

हे आले ते पेढ्यांचा पुडा घेऊन. इतक्या खुशीत मी त्यांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. ट्रंक बघून दारातच थबकले.

"हे काय गं?"

"राजीनामा दिलात ना?"

आधी हसले, मग हसायचे थांबले. "अगं, इथे राजीनामा म्हणजे समझौता. दोघं राजी झाले, तसं लिहून दिलं. आता नेमाने ट्रक येणार. मालकाने नाक्याचं सगळं माझ्यावर सोपवलंय."

"मुझसे पूछ लेतीं," लेक म्हणाली.

इतकी वर्षं छावण्यांमधून हिंदीत भाजी घेतली, हिंदीत भांडले, पण हा शब्द माझ्यासाठी मराठीच राहिला होता. मला भयंकर राग आला. "दोन देशांचे व्यापारी राजी झाले, मला कोणी विचारलं?"

"तू म्हणशील तर उद्या सोडतो," हे म्हणाले. सोडलीही असती नोकरी. पण ते बोलताना त्यांनी पेढ्यांचा पुडा असा हळूच खाली ठेवला की माझ्याच्याने हो म्हणवेना.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बूथवर गेले. मी तोंड उघडायच्या आतच आई सुरू झाली. बाहेरची खोली रंगवून घेतली होती, नातीसाठी खिडकीजवळ टेबल लावलं होतं. मी सगळं सांगितलं.

"बरं झालं बाई," ती म्हणाली. "रंगाचा वास काही जात नाही अजून. तुम्हाला त्रासच झाला असता."

आणि फोन तिनेच आधी ठेवला.