कोमट टाकी

लॉन्ड्रीतली माणसं त्याला थेंबमास्तर म्हणत, आणि तोंडावर म्हणत. त्याला त्याचं वाईट वाटत नसे. खरं सांगायचं तर आतून बरंच वाटे. हॉटेलांच्या चादरी, टॉवेल आणि उशांचे अभ्रे धुणाऱ्या कारखान्याचा तो फोरमन. कुठं नळ ठिबकला की याच्या कपाळाला आठी पडलीच. नात्यातल्या लग्नाला गेला तरी आधी हात धुण्याच्या जागी जाऊन सगळे नळ आवळून येणार, मग नवरानवरीला भेटणार. त्याची बायको म्हणायची, आमच्या घरात पाहुण्याला पाणी विचारतात ते द्यायला नव्हे, त्याला खरंच तहान लागलीय का याची खात्री करून घ्यायला.

त्याचा थोरला भाऊ त्याच कारखान्यात धुलाईच्या यंत्रांवर होता. वडील लवकर गेले तेव्हा शाळा सोडून थोरल्यानं घर ओढलं, आणि धाकट्याला शिकवलं. म्हणून धाकटा फोरमन झाला आणि थोरला ओले कपडे उपसत राहिला. याचं थोरल्याला कधी वैषम्य वाटलं नाही. उलट कुणी नवा माणूस कामावर आला, की तो आधी सांगायचा, फोरमन आपला धाकटा आहे, जपून राहा. माणूस अबोल, संथ, पण एका बाबतीत हट्टी. शिळं त्याला चालायचं नाही. रात्रीचं उरलेलं सकाळी ताटात दिसलं की उपाशी उठून जायचा.

मग एका वर्षी कारखान्यावर संकट आलं. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक असलेल्या हॉटेलवाल्यांचा साहेब आला. पाणी तापवायला गॅस जळतो, गॅस जळला की कार्बन हवेत जातो, आणि आमच्या पाहुण्यांना आता त्याचाही हिशोब हवा असतो, असं त्यानं सांगितलं. किलोभर कपड्यामागे पाणी आणि गॅस दोन्ही कमी करा, नाही तर आम्ही दुसरीकडे जातो. मालकाच्या तोंडचं पाणी पळालं. ते गिऱ्हाईक गेलं असतं तर कारखान्याला टाळंच लागलं असतं, आणि दोन्ही भावांच्या चुली एकदम विझल्या असत्या.

थेंबमास्तर कामाला लागला. शेवटी कपडे खळबळून काढतात ते पाणी तसं स्वच्छच असतं. ते गटारात न सोडता एका टाकीत साठवायचं आणि पुढच्या कपड्यांच्या पहिल्या धुण्याला वापरायचं, अशी सोय त्यानं करून घेतली. गटाराकडे जाणाऱ्या गरम पाण्याची नळी त्याच टाकीतून फिरवली, म्हणजे जाता जाता त्यातली ऊब टाकीतल्या पाण्याला मिळावी. थोरल्याच्या यंत्रांशेजारीच टाकी बसली. वरून पाणी गाळणीवर आदळायचं, त्याचे बारीक तुषार उडायचे, आणि गाळणीत अडकलेला कापसाचा लगदा थोरला हातानं काढायचा. टाकी बसवणारा मिस्त्री जाता जाता म्हणाला होता, रोज संध्याकाळी रिकामी करून धुऊन काढत जा. का, ते त्यानं सांगितलं नाही आणि थेंबमास्तरनंही विचारलं नाही.

योजना फळली. बॉयलर कमी जळू लागला, पाण्याचं बिल उतरलं, गिऱ्हाईक टिकलं. हॉटेलच्या साहेबानं सगळ्यांसमोर थेंबमास्तरचा हात हातात घेऊन कौतुक केलं. माणूस इथंच थांबला असता तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण कौतुकाची चटक वाईट. याला आता आणखी वाचवायचं होतं, आणि वाचवण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं.

एका संध्याकाळी त्याचं लक्ष टाकीकडे गेलं. थोरला तळाचा व्हॉल्व्ह उघडून उभा होता आणि चांगलं कोमट पाणी भसाभसा गटारात चाललं होतं. ते तसंच ठेवलं तर सकाळचं पहिलं धुणं फुकटात निघेल, बॉयलर उशिरा पेटवता येईल. याच्या डोक्यात तिडीक गेली. एवढी काटकसर चाललीय आणि घरचाच माणूस असा पाणी ओततो, म्हणजे बाहेरच्यांनी काय बोध घ्यायचा, असं तो चारचौघांत बोलला. थोरला म्हणाला, "अरे, शिळं पाणी आहे ते."

"दादा, पाणी आहे, दूध नाही नासायला."

सगळे हसले. थोरल्यानं व्हॉल्व्ह बंद केला. दुसऱ्या दिवशी धाकट्यानं त्या व्हॉल्व्हला साखळी घालून कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. पुढं पाण्याला जरा वास यायला लागला, तेव्हा धाकट्यानं साबण थोडा बदलला. टाकीच्या कडेला बोट लावलं की बुळबुळीत लागायचं, तेही थोरलाच पुसून घ्यायचा.

पावसाळी गारठ्यात थोरल्याला ताप भरला. सर्दीपडसं असेल म्हणून त्यानं अंगावर काढला. मग खोकला, मग धाप, आणि एका सकाळी वहिनी त्याला रिक्षात घालून इस्पितळात घेऊन गेली. डॉक्टरांनी फुफ्फुसाचा फोटो पाहिला आणि पहिलाच प्रश्न केला, काम कुठं करतो? कोमट पाणी साचून राहिलं की त्यात एक जंतू वाढतो, तो तुषारांबरोबर छातीत उतरतो, असं त्यांनी वहिनीला आणि धाकट्याला शेजारी उभं करून समजावलं. वहिनीनं धाकट्याकडे पाहिलं नाही. तिनं फक्त औषधाची चिठ्ठी घेतली.

तो तडक कारखान्यात आला. खिशातली किल्ली काढून त्यानं व्हॉल्व्हचं कुलूप उघडलं. टाकी रिकामी झाली तेव्हा तळाशी तपकिरी, शेवाळलेला थर दिसला. तो त्यानं स्वतः खरवडला, तोंडाला फडकं बांधून, रडत.

इस्पितळात थोरल्याच्या नाकातोंडावर प्राणवायूचा मास्क होता. भावाला पाहून त्यानं तो जरा बाजूला केला. "टाकी सोडलीस का?"

"सोडली, दादा."

"बरंच गरम पाणी गेलं असेल रे," थोरला म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. धाकट्याचं नुकसान झालं याचं त्याला खरोखर वाईट वाटत होतं. टोमणा असता तर धाकट्यानं तो सोसला असता; हे त्याला सोसवलं नाही, तो बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिला. थोरला त्याच आठवड्यात गेला.

तपासणीला माणसं आली, पाण्याचे नमुने घेऊन गेली. टाकी रोज रिकामी करा, नाही तर रोज हात भाजेल इतकी तापवा, असं त्यांनी बजावलं. ती गेल्यावर मालकानं थेंबमास्तरला बोलावून विचारलं, दोन्हींत स्वस्त काय पडेल? मालक काही दुष्ट नव्हता. इतकी वर्षं हा प्रश्न तो याच माणसाला विचारत आला होता आणि उत्तर ताबडतोब मिळत आलं होतं. या वेळी थेंबमास्तर म्हणाला, "रिकामी करायची." आणि न विचारता खोलीबाहेर पडला.

वहिनीला घर चालवायचं होतं. नवऱ्याच्या जागी तिनं काम मागितलं. थेंबमास्तरनं तिला घड्या घालण्याचं, बसून करायचं काम देऊ केलं. ती म्हणाली, त्यांची जागा ती माझी जागा. तिनं तोंडाला फडकं बांधलं आणि पहिल्याच दिवशी सगळं मन लावून शिकून घेतलं.

संध्याकाळी यंत्रं थांबली. तिनं टाकीचा व्हॉल्व्ह उघडला. पाणी जाऊ लागलं, नितळ, कोमट, त्याच दिवसाचं. थेंबमास्तर शेजारी उभा होता. निम्मी टाकी गेली असेल, आणि त्याचा हात आपसूक पुढं होऊन व्हॉल्व्हवर पडला. तो फिरवायलाही लागला होता.

"भावजी, हात काढा."

त्यानं चटका बसल्यासारखा हात मागं घेतला आणि आपल्याच हाताकडे बघत राहिला. वहिनीनं व्हॉल्व्ह पुन्हा पूर्ण उघडला. टाकी कोरडी होईपर्यंत ती तिथून हलली नाही, आणि तिनं त्यालाही जाऊ दिलं नाही.