माहेरचं शेत आणि यादीतलं पहिलं गाव

“मॅडम, शेत सापडंना झालंय.”

बीदरजवळच्या कोळार इंडस्ट्रियल एरियातल्या गोडाऊनमधून शिवकांतअण्णांचा फोन होता. अण्णा तिथले कॉम्प्युटर ऑपरेटर. मी पुण्यात, आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत, हातात चहाचा कप. प्रिंटर अडकला, पासवर्ड विसरला, असे त्यांचे फोन नेहमीचेच. शेत हरवल्याचा फोन मात्र पहिलाच.

ते गोडाऊन आमच्या क्लायंटचं, एका बियाण्यांच्या कंपनीचं होतं. ती शेतकऱ्यांकडून तुरीचं बियाणं तयार करून घ्यायची. अशा शेताला ते प्लॉट म्हणत. तूर फुलावर आली की कंपनीचा इन्स्पेक्टर पाहणीला येतो. पिवळ्या फुलांच्या वाणात लाल रेघांचं फूल दिसलं की ते झाड भेसळीचं. फुलं गळून शेंगा धरल्या की भेसळ ओळखणं अवघड. म्हणून पाहणी फुलोऱ्यातच व्हावी लागते. नाही झाली तर प्लॉट नापास, आणि बियाण्यासाठी वाढवलेली तूर साधी तूर म्हणून अडतीवर जाते.

“कुणाचं शेत, अण्णा?”

“मंठाळच्या शांताअक्काचं. इन्स्पेक्टर साहेब नवीन हाईत. तुमच्या लिस्टीवर आलगूड छापून आलंय, म्हणून दोन बार आलगूडला जाऊन आले. तिथं अक्काला कोन बी वळखत न्हाई. अक्का सकाळधरनं इथंच बसलीय. घ्या, बोला.”

अक्कांचा आवाज शांत होता. त्यानेच मला जास्त धास्ती वाटली.

“बाई, चार-पाच दिस फुलं टिकतील. एकेक ओळ हिंडून मी सोताच्या हातानं भेसळ उपटलीय. पहिल्यांदा माझ्या नावानं प्लॉट मिळालाय. आन् आता तुमचं मशीन म्हनायलंय, शेतच न्हाई. कामून?”

असं का, ते बघायला मी रेकॉर्ड उघडलं. अक्कांचं घर मंठाळ, बरोबर. प्लॉटचं गाव आलगूड.

“अण्णा, हे आलगूड कुणी भरलं?”

“मीच भरलो. अक्काचं शेत म्हाराष्ट्रात, उमरग्याकडं, माहेरात हाय. ते गाव तुमच्या ड्रॉपडाऊनमध्ये येतच न्हाई. मोकळं सोडलं तर फॉर्म पुढं जात न्हाई. मग यादीतलं पहिलं गाव टाकलो.”

“मला सांगायचं नाही का?”

“असली शेतं जुन्या साहेबाला तोंडी सांगत होतो की. ते बरोब्बर जायचे. आता त्यांची बदली झाली.”

“मग यांनाही तोंडीच सांगा.”

“सांगितलो. साहेब म्हनतात, कागदावर आलगूड आन् शेत उमरग्याला, असल्या कागदावर मी सही करनार न्हाई.”

साहेबांचं काही चुकत नव्हतं. चुकलं होतं ते माझ्या स्क्रीनवर.

ड्रॉपडाऊन म्हणजे बाण दाबला की खाली उघडणारी यादी. त्यातलं एक निवडायचं, स्वतःचं काही लिहायचं नाही. ही यादी कुठून भरायची, यावर आमच्या टीममध्ये तावातावाने चर्चा व्हायच्या. आमचं अॅप्लिकेशन जावा भाषेतलं, डोमेन-ड्रिव्हन पद्धतीचं. म्हणजे ज्या धंद्यासाठी प्रोग्रॅम लिहायचा, त्या धंद्यातल्या माणसांच्या बोलण्यात ज्या गोष्टी येतात, त्याच कोडमध्ये उभ्या करायच्या. शेतकरी, गाव, तालुका. स्क्रीनने मनाने यादी बनवायची नाही, यांनाच विचारायची. आमचा स्क्रीन शेतकऱ्याला विचारायचा, तुझा तालुका कुठला? मग तालुक्याला विचारायचा, तुझी गावं कुठली? आलेली गावं ड्रॉपडाऊनमध्ये. कोड देखणं होतं. डेमोच्या वेळी मी त्याचं कौतुकही करून घेतलं होतं.

मी नाडकर्णी सरांच्या केबिनमध्ये गेले. ते आमचे प्रोजेक्ट मॅनेजर.

“सर, सगळ्या गावांची एकच यादी देऊन टाकते.”

“दोन राज्यांची गावं एका ड्रॉपडाऊनमध्ये? तुझे अण्णा स्क्रोल करता करता रिटायर होतील.”

“मग शेवटी ‘इतर’ टाकते.”

“इतर नावाच्या गावाला इन्स्पेक्टरने कुठली एसटी पकडायची?” सरांनी चष्मा काढला. “स्क्रीन सोड. डोमेनमध्ये काय चुकलंय ते सांग.”

मी खुर्चीत बसले आणि सांगायला तोंड उघडलं, तेव्हा ते माझ्या लक्षात आलं. माणूस राहतो त्याच तालुक्यात त्याचं शेत असणार, असं मी धरून चालले होते. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाला विचारलंही नव्हतं.

हे पुण्यात वाढलेल्या कुणी केलं असतं तर समजण्यासारखं होतं. मी बीदर जिल्ह्यातल्याच हुलसूरची. आमच्याकडे सोयरिकी राज्याची हद्द बघून होत नाहीत. मुलगी इकडे दिली तरी चोळीबांगडीसाठी म्हणून तिच्या नावाने माहेरात जमिनीचा तुकडा ठेवायचा, हेही अनेक घरांत चालत आलेलं. खुद्द माझ्या आईचं दीड एकर निलंगा तालुक्यात आहे. लहानपणी हुरडा खायला आम्ही तिथेच जायचो. आपण कर्नाटकातून महाराष्ट्रात चाललोय, हे कधी मनातही आलं नाही. हे सगळं अंगवळणी पडलेलं असताना मी कोड लिहायला बसले आणि नेमकं तेच विसरले. मला मनापासून लाज वाटली.

सर एवढंच म्हणाले, “मग शेताला त्याचं स्वतःचं गाव दे.”

खरं तर काम तेवढंच होतं. आमच्या कोडमध्ये शेत ही स्वतंत्र गोष्टच नव्हती. तो शेतकऱ्याच्या माहितीतला एक रकाना होता. आता शेत वेगळं उभं केलं. त्याचं राज्य, जिल्हा, तालुका वेगळा निवडायचा आणि त्या तालुक्याची गावं ड्रॉपडाऊनमध्ये यायची, शेतकरी कुठेही राहो. यादीच्या डोक्यावर आलगूडऐवजी ‘गाव निवडा’ ही ओळ ठेवली. ती तशीच ठेवून फॉर्म सेव्ह होत नव्हता. लिहायला दोन दिवस लागले. टेस्टिंग सर स्वतः बसून करत होते, आणि मी दर तासाला मनात फुलं मोजत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी नवीन व्हर्जन सर्व्हरवर गेलं. मी अण्णांना फोन लावला.

“अक्काचं दुरुस्त केलो, मॅडम. उमरगा आलं, गाव बी आलं. लिस्ट काढू का?”

“काढा. आणि अण्णा, असं पहिलं गाव आणखी किती जणांना टाकलंय?”

पलीकडे ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला.

“थांबा, डायरीत हाय. अक्का धरून अकरा. त्यातल्या नऊ बायाच.”

अकराही जणांचं खरं गाव, शेताकडे जायची वाट आणि कुणाच्या घरी चौकशी करायची ते नाव, सगळं त्या डायरीत होतं. आमच्या डेटाबेसपेक्षा ती बरीच बरी होती.

चौथ्या दिवशी इन्स्पेक्टर अक्कांच्या शेतात पोचले. फुलं होती. भेसळीचं एक झाड सापडलं नाही. प्लॉट पास. अक्कांनी अण्णांच्या फोनवरून मला कळवलं, “साहेब बांधा-धुऱ्यावरनं पार मधात हिंडले, बाई. म्हनले, हात चांगला हाय तुमचा.”

उरलेल्या दहांपैकी तिघांची जमीन हलकी, तूर लवकर फुललेली. इन्स्पेक्टर पोचले तेव्हा तिथे शेंगा धरल्या होत्या. ते तिन्ही प्लॉट नापास झाले. रिपोर्टमध्ये कारण आलं, ‘फुलोरा संपलेला’. तेही ड्रॉपडाऊनमधूनच निवडलेलं. त्या यादीत माझी चूक नोंदवायला जागा नव्हती.

रविवारी आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “आगं, मला तर इचारायचं होतंस.”

त्यानंतर मी पुष्कळ ड्रॉपडाऊन भरले. भरण्याआधी समोर बसलेल्या ऑपरेटरला एकच प्रश्न विचारते, या यादीत नसलेलं उत्तर तुम्ही सध्या कुठे लिहून ठेवता? बहुतेक जण आधी साहेबांच्या केबिनकडे बघतात, आणि मग हळूच ड्रॉवरमधून डायरी काढतात.