साडूंचं न सापडणारं पान

आमच्या साडूंइतकी देखणी वेबसाइट अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात कुणी बनवत नाही, आणि त्यांनी बनवलेली अशी देखणी वेबसाइट शोधून कुणाला सापडलीय असंही आजवर घडलेलं नाही. ही दोन्ही विधानं मी पूर्ण जबाबदारीनं करतो आहे. साडू मूळचे पेंटर. तीस वर्षं त्यांनी देऊळघाटपासून बुलढाण्यापर्यंत दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंती आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवल्या. फ्लेक्स आला, ब्रश वाळत पडला, तेव्हा पन्नाशीच्या या माणसानं शांतपणे कॉम्प्युटरचा क्लास लावला आणि पाट्यांऐवजी वेबसाइट रंगवायला घेतल्या. रंगवायला म्हणजे अक्षरशः रंगवायला. प्रत्येक अक्षर ते आधी ब्रशनं कागदावर काढतात, त्याचा फोटो घेतात आणि तो फोटो पानावर चढवतात. "टाइपाच्या अक्षरात जीव नसते, भाऊ," असं त्यांचं म्हणणं.

हे वेड घरीदारी, लग्नकार्यात, कुठंही उफाळून येतं. लग्नपत्रिका हातात आली की साडू वेलबुट्टी पाहतात, 'श्री'चा बाक पाहतात, तारीख तेवढी पाहत नाहीत. त्यांच्या भरवशावर आम्ही दोन्ही कुटुंबं एकदा नटूनथटून संग्रामपूरला लग्नाला गेलो, तर मांडववाला कनाती सोडत होता. लग्न आदल्या दिवशीच लागलं होतं. साडूंना त्याचं काही वाटलं नाही. "पत्रिका मात्र झकास होती," एवढंच ते परतीच्या वाटेवर म्हणाले. दाताच्या एका डॉक्टरांची वेबसाइट त्यांनी केली, तीत आधी मखमली पडदा सरकतो, मग बगळ्यांची रांग जाते आणि शेवटी डॉक्टरांचा फोन नंबर पतंगाच्या शेपटीला बांधून उडत येतो. माझी दाढ ठणकत होती तेव्हा एका हातानं गाल धरून दुसऱ्या हाताच्या बोटानं मी तो पतंग पकडायचा पुष्कळ प्रयत्न केला. नंबर आधीच का देत नाही, असं पुढे मी साडूंना विचारलं. "नंबर म्हणजे विडा," ते म्हणाले. "जेवणाच्या आधी विडा देतेत का कोणी?"

हे सगळं हसण्यावारी जात होतं, तोवर पाळी ताईंवर आली. ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, साडूंची बायको. देऊळघाटला घरामागे त्यांची भाजीपाल्याची रोपवाटिका आहे. यंदा एका व्यापाऱ्यानं मिरचीची भरपूर रोपं सांगून ठेवली आणि ती तयार झाल्यावर नको म्हणून कळवलं. मिरचीचं रोप कुणासाठी थांबत नाही. वेळेत लावलं गेलं नाही तर ट्रेमध्येच उंच आणि लुळं होतं, मग फेकून द्यावं लागतं. ताईंचा सगळा हंगाम त्या ट्रेंमध्ये उभा होता. साडूंनी रात्रंदिवस खपून वेबसाइट केली. अक्षरं अशी, की प्रत्येक वेलांटीच्या टोकाला मिरचीचं पांढरं फूल उमललेलं. मी कौतुकाच्या बाबतीत जरा हात आखडता घेणारा माणूस, पण ते पान पाहून मला खरोखर भरून आलं. तीन दिवस एकही फोन आला नाही.

चौथ्या दिवशी ताईंनी ट्रेंच्या मधोमध उभं राहून मोबाईलवर 'मिरचीची रोपं बुलढाणा' असं टाकलं. कुठल्या कुठल्या रोपवाटिका समोर आल्या, त्यांची आली नाही. "माह्यं पान मलेच सापडत नाही, तर लोकाले कुठून सापडन?" त्यांनी विचारलं. मी भूगोलाचा मास्तर, तरी एवढं ऐकून होतो की शोधणारं यंत्र टाइप केलेला मजकूर नीट वाचतं, चित्रात काढलेली अक्षरं त्याला सहसा उमजत नाहीत. ते मी सांगितलं.

"म्हणजे त्याले वाचता येत नाही, आन् दोष माह्या अक्षराले?" साडू उसळले.

ताईंनी ट्रेमधलं एक रोप उपटून साडूंच्या तळहातावर ठेवलं. "पाहा किती उंच झालं ते. आता तुम्हीच सांगा."

त्या दुपारी साडूंनी दोन बोटांनी टाइप केलं, 'मिरचीची रोपं मिळतील. देऊळघाट, बुलढाणा.' लगेच त्याखाली नंबर, बोट लावलं की फोन लागणारा. पांढऱ्यावर काळं, बाकी काही नाही. "अनवाणी बजारात उभं राह्यल्यासारखं वाटून राह्यलं, भाऊ," ते म्हणाले, आणि मला त्यांची दया आली. चार दिवसांनी सुलतानपूरच्या एका शेतकऱ्याचा फोन आला, मग आणखी आले, आणि शेवटचे काही ट्रे सोडले तर सगळी रोपं गेली.

रंगवलेलं पान साडूंनी मोडलं मात्र नाही. साध्या पानाच्या तळाशी त्यांनी मिरचीचं एक फूल ठेवलंय. त्याला बोट लावलं की ते जुनं पान उघडतं, आणि किती जणांनी पाहिलं तो आकडा खाली दिसतो. "रोज एक माणूस येते," साडू मला मोठ्या अभिमानानं सांगतात. "फोन करत नाही, काही घेत नाही. अक्षरं पाहते आन् जाते. कदरदान आहे." मी ते पान सठीसहामाशी उघडतो, म्हणजे तो मी नव्हे.

गेल्या महिन्यात वांग्याची रोपं आणायला गेलो, तेव्हा साडू गावात गेले होते. ताई नुकतंच पाणी घालून ओट्यावर टेकल्या होत्या. त्यांनी पदराला हात पुसले, मोबाईल काढला, पान पार तळापर्यंत सरकवलं आणि फुलावर बोट ठेवलं. मग बराच वेळ त्या नुसत्या पाहत बसल्या. मी मागे उभा आहे हे लक्षात आल्यावर म्हणाल्या, "त्याईले सांगू नोका, भाऊजी." मी नाही म्हणून मान हलवली. थोड्या वेळानं साडू आले, टेकायच्या आधी त्यांनी खिशातून मोबाईल काढून आकडा पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"आजही आला तो, भाऊ!"

"येणारच," मी म्हटलं. ताई चहा ठेवायला आत गेल्या होत्या.